खिशातला चाकू : पोलादाच्या जाती आणि धारेचा टिकाऊपणा

कच्च्या औषधीद्रव्यांच्या खरेदीस बाजारात जाणाऱ्या वैद्याच्या खिशात एक मिटणारा चाकू असलाच पाहिजे, असा आमच्या गुरुजनांचा दंडक होता. गुळवेलीचे कांड आडवे छेदले की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना नुसत्या डोळ्यांनी दिसते. दारुहळदीचा पिवळा रंग वरवरचा आहे की काष्ठाच्या गाभ्यापर्यंत पोहोचला आहे, याचा निर्णय ताज्या छेदावाचून होत नाही. मात्र हा छेद स्वच्छ असावा लागतो. बोथट पात्याखाली मूळ कापले न जाता चिरडले जाते, तंतू ओढले जातात आणि भिंगातून जे पाहावयाचे तेच नाहीसे होते. औषधशाळेतील गोष्ट निराळी नाही. धार गेलेल्या पात्यावर कामगार अधिक जोर लावतो, पाते निसटते आणि बोट कापले जाते. धारदार चाकूपेक्षा बोथट चाकूने झालेल्या जखमाच आम्ही अधिक बांधल्या आहेत.

पूर्वी चाकू म्हटला की रामपुरी, नाहीतर गावच्या लोहाराने घडविलेला, एवढीच निवड होती. आता परदेशी पोलादाचे चाकू सहज मिळतात आणि त्यांच्या पात्यांवर अंकाक्षरांची नाममुद्रा असते : ४४०सी, डी-२, व्हीजी-१०, एस-३०-व्ही. यांपैकी कोणाची धार अधिक काळ टिकते, असा प्रश्न औषधशाळा चालविणारे अनेक स्नेही आम्हांस विचारतात. या प्रश्नाचे सरळ उत्तर शोधण्याच्या नादात आम्ही स्वतः एकदा फसलो असल्याने तो अनुभव आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक महाग, व्हॅनेडियमयुक्त पोलादाचा चाकू मागविला. आरंभी त्याने उत्तम काम दिले. पुढे ऐन आवळ्याच्या हंगामात त्याची धार मंदावली आणि आमच्या नेहमीच्या कुरुंदाच्या दगडावर कितीही घासले तरी ती परत येईना. हाताशी असावा म्हणून कपाटातला जुना, साध्या पोलादाचा चाकू बाहेर काढला गेला. तो दगडावर क्षणात पाजळला, आवळे झराझर चिरले गेले आणि दुसऱ्या दिवशी उन्हातली आवळकाठी कडांनी काळी पडली. ग्राहकास ती बुरशी वाटली असती. तो सर्व माल आम्हांस बाजूला काढावा लागला. दोन्ही चाकू आपापल्या परीने चांगलेच होते. चूक आमची होती, कारण आम्ही पोलादाचे नाव पाहिले, ज्या द्रव्याशी त्याची गाठ पडणार होती ते पाहिले नाही.

धार जाते म्हणजे काय होते?

उत्तम पाजळलेल्या पात्याची कड एका मायक्रॉनहूनही पातळ असते. मनुष्याच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे या कडेच्या नाजूकपणाची कल्पना येईल. अशी कड चार प्रकारे बिघडते. पोलाद मऊ असेल तर ती एका बाजूस वळते. फार कठीण व ठिसूळ असेल तर तिचे टवके उडतात. कापावयाच्या वस्तूत वाळूसारखे कठीण कण असतील तर ती झिजते. आणि वस्तू आम्ल वा ओलसर असेल तर तिला गंज खातो. हा चौथा प्रकार डोळ्यांस दिसण्यापूर्वीच धार गेलेली असते, म्हणून तो बहुधा हिशेबात धरला जात नाही. गंजाचा डाग पात्याच्या पृष्ठावर दिसेपर्यंत त्याच्याहून कितीतरी पातळ असलेली कड खाल्ली गेलेली असते.

पोलादाचे काठिण्य रॉकवेल मापाने सांगतात. खिशातल्या चाकूंची पाती साधारणपणे ५४ ते ६२ या पट्ट्यात असतात. हे काठिण्य कार्बनमुळे व उष्णतासंस्कारामुळे येते. आपल्याकडील लोहार ज्याला 'पाणी देणे' म्हणतो तोच हा संस्कार : तापवून एकदम थंड करणे आणि मग पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा कमी करणे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, यासाठी 'पायना' हा शब्द आहे आणि क्षार, उदक व तैल असे तिचे तीन भेद सांगून कोणत्या कामाच्या शस्त्रास कोणते पाणी पाजावे हेही दिले आहे. संस्काराने द्रव्याचे गुण पालटतात, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. एकाच जातीचे पोलाद एका कारखान्यात ५५ वर सोडले जाते आणि दुसऱ्यात ६१ पर्यंत नेले जाते. पात्यावरचे नाव मात्र दोन्हीकडे तेच.

काठिण्याखेरीज दुसरी गोष्ट म्हणजे कार्बाइडचे सूक्ष्म कण. कार्बन हा लोह, क्रोमियम, व्हॅनेडियम यांच्याशी संयोग पावून अतिशय कठीण कण निर्माण करतो आणि ते पोलादात भाताच्या शितांत खडे असावेत तसे विखुरलेले असतात. विकर्स मापाने पाहिले तर ६२ रॉकवेलचे पोलाद सुमारे साडेसातशे, लोहाचे कार्बाइड हजाराच्या आसपास, क्रोमियमचे सुमारे पंधराशे आणि व्हॅनेडियमचे सुमारे अठ्ठावीसशे भरते. या क्रमात आपल्या रोजच्या मातीतील गारगोटीचा कण अकराशेच्या आसपास बसतो. म्हणजे न धुतलेल्या मुळावर पाते फिरविताना पोलादाहून कठीण अशा कणांवर ते घासले जाते आणि साध्या पोलादातील लोह-कार्बाइडही त्यांच्यापुढे टिकत नाही. क्रोमियम व व्हॅनेडियम यांची कार्बाइडे टिकतात. महाग पोलादाची सारी मातब्बरी येथे आहे आणि बव्हंशी येथेच आहे.

कसोटी

इंग्लंडमधील शेफील्ड येथे चाकू-सुऱ्यांच्या व्यवसायासाठी १९५२ साली स्थापन झालेल्या 'कॅट्रा' या संशोधन संस्थेने धारेच्या मोजणीचे एक यंत्र सिद्ध केले. त्यात पाच टक्के सिलिका मिसळलेल्या जाड कागदाच्या पट्ट्यांवर ठरावीक भाराने पाते पुढे-मागे फिरविले जाते आणि साठ फेऱ्यांत एकूण किती मिलिमीटर कागद कापला गेला ते मोजतात. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी अनेक पोलादांची पाती या पद्धतीने तपासून त्यांचे गणित मांडले आहे. त्याचे सार असे : रॉकवेल काठिण्य एका अंकाने वाढले की कापलेल्या कागदात सुमारे १६ मिलिमीटरची भर पडते. क्रोमियम कार्बाइड एक टक्का वाढले तर सुमारे ११ आणि व्हॅनेडियम कार्बाइड एक टक्का वाढले तर सुमारे २६ मिलिमीटरची. आणि दोन्ही बाजू मिळून होणारा धारेचा कोन एका अंशाने कमी केला तर सुमारे १८ मिलिमीटरची.

या शेवटच्या आकड्यावर वाचकांनी क्षणभर थांबावे. एस-३०-व्ही पोलादात व्हॅनेडियम कार्बाइड सुमारे चार टक्के असते. त्यापासून मिळणारा लाभ शंभर मिलिमीटरच्या थोडा वर जातो. तेवढाच लाभ कोणत्याही पात्याचा कोन सहा अंशांनी कमी केल्यास दगडावर, फुकट मिळतो. कारखान्यातून येणारे अनेक चाकू ४० अंशांच्या आसपास धार लावलेले असतात; ती ३० अंशांवर आणली तर साधे पाते महागड्या पात्यास गाठते. अर्थात पातळ कड पेलण्याइतके पोलाद कठीण व चिवट हवे, नाहीतर ती वळेल किंवा तुटेल. म्हणून कोन किती असावा हे कामावरून ठरते.

सुश्रुताचार्यांनी याच अध्यायात धारेची जाडी कार्यपरत्वे सांगितली आहे : भेदनासाठी मसुराएवढी, लेखनासाठी अर्ध्या मसुराएवढी, व्यधन व विस्रावणासाठी केसाएवढी आणि छेदनासाठी अर्ध्या केसाएवढी. आधुनिक यंत्राचे निष्कर्ष प्राचीन ग्रंथात आधीच होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण तेथे मोजमाप धारेच्या टिकाऊपणाचे नाही. परंतु धारेचा विचार धातूच्या नावापासून नव्हे, कामापासून सुरू करावा, ही दृष्टी तेथे निःसंशय आहे.

अभिमानाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक उल्लेख. दक्षिण भारतातील 'वुट्झ' पोलाद आणि त्यापासून घडविलेली दमास्कसची पाती यांची कीर्ती जगभर आहे. व्हर्होव्हन, पेंड्रे व क्लार्क यांनी २००८ मध्ये याच कॅट्रा पद्धतीने त्यांची आधुनिक पोलादांशी तुलना प्रसिद्ध केली. ६२ रॉकवेलच्या आसपास ५२१०० हे बेअरिंगचे पोलाद आणि एईबी-एल हे दाढीच्या पात्यांचे स्टेनलेस पोलाद ही दोन्ही वुट्झहून सरस ठरली. काठिण्य ४१ पर्यंत खाली आणले तेव्हा मात्र वुट्झने साध्या पोलादास मागे टाकले. मऊ पात्यातही कार्बाइडचे कण काम देत होते, हे त्याचे कारण. जुन्या काळच्या तलवारी बऱ्याचदा अशाच मऊ असत, हे लक्षात घेता त्या कीर्तीत तथ्य होते.

जातींचा परिचय

साध्या कार्बन पोलादांत १०९५ (कार्बन सुमारे एक टक्का) आणि आपल्याकडे ईएन-३१ या नावाने मिळणारे ५२१०० ही प्रमुख होत. ईएन-३१ हेच बॉल-बेअरिंगचे पोलाद. जुन्या बेअरिंगच्या कड्यांपासून आपले लोहार उत्तम सुऱ्या घडवितात. ही पोलादे बारीक कणांची, चिवट आणि दगडावर चटकन धार घेणारी आहेत. गंजणे हा त्यांचा एकच पण मोठा दोष.

हा दोष दूर करणारे सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद १९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केले. आरंभीच्या स्टेनलेस चाकूंची 'न कापणारे चाकू' म्हणून थट्टा झाली, कारण कार्बन कमी होता आणि उष्णतासंस्काराचे तंत्र बसले नव्हते. त्या थट्टेचा संस्कार आपल्या मनावर अद्याप आहे. वास्तविक आजची चांगली स्टेनलेस पोलादे वेगळीच आहेत. स्विस व्हिक्टोरिनॉक्सची पाती मुद्दाम सुमारे ५६ रॉकवेलवर ठेवलेली असतात : धार लवकर जाते, पण कोणत्याही दगडावर लगेच येते आणि टवके उडत नाहीत.

तुलनेसाठी आम्हांस सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातील ओपिनेलचे. १८९० पासून बनणारा हा लाकडी मुठीचा चाकू त्याच आकारात, त्याच पातळ पात्यासह, दोन पोलादांत मिळतो : एक ०.९० टक्के कार्बनचे साधे, दुसरे स्वीडिश १२सी२७ जातीचे स्टेनलेस. आकार सारखाच असल्याने येथे फरक केवळ पोलादाचा उरतो. आमच्या हाताखालून दोन्ही गेले आहेत. कोरड्या मुळ्या व साली कापताना साधे पोलाद किंचित सरस वाटते आणि धार लावण्यास निश्चित सोपे आहे. तेच दोन चाकू शतावरीचे ओले कंद सोलण्यास घेतले तर साध्या पात्यास रोज पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. स्टेनलेस पात्याकडे पाहावेही लागत नाही. दोघांचे पाते मात्र इतके पातळ आहे की जाड पात्याच्या कितीतरी महाग चाकूंहून ते सहज कापते.

४४०सी मध्ये कार्बन सुमारे एक टक्का व क्रोमियम सतरा टक्क्यांच्या घरात असते. धार टिकते, गंजही धरत नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात आलेला बक कंपनीचा ११० क्रमांकाचा प्रसिद्ध चाकू याच पोलादाचा होता. पुढे कंपनीने ते सोडून ४२५एम आणि नंतर ४२० एचसी हे कमी कार्बनचे पोलाद स्वीकारले, कारण घडविण्यास ते सोपे होते आणि ४४०सी पाजळणे ग्राहकांना जड जाई. अधिक टिकणारी धार लोकांना परत लावता येत नव्हती! काळजीपूर्वक उष्णतासंस्कार केलेला हा ४२० एचसी चाकू आजही विकला जातो. जपानी व्हीजी-१० हे ४४०सीच्याच वर्गातले, थोडे अधिक बारीक कणांचे.

डी-२ विषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. यात क्रोमियम सुमारे बारा टक्के असल्याने विक्रेते त्यास 'जवळजवळ स्टेनलेस' म्हणतात. परंतु यात कार्बन दीड टक्का आहे आणि त्यातले पुष्कळसे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडते. गंजापासून रक्षण करणारे मोकळे क्रोमियम कमी उरते. आवळ्यासाठी हे पोलाद आम्ही घेणार नाही. कोरड्या, कठीण काष्ठांसाठी ते झिजेस चांगले टिकते, पण त्यातील कार्बाइडचे कण मोठे असल्याने फार पातळ धार दिली तर टवके उडतात. हे मोठ्या कणांचे दुखणे दूर करण्यासाठी वितळलेल्या पोलादाचे आधी चूर्ण करून मग ते उष्णता व दाबाने एकजीव करण्याची पद्धत निघाली. अमेरिकेत २००१ मध्ये आलेले एस-३०-व्ही या पद्धतीचे. धार टिकण्यात ते वरील सर्वांच्या पुढे आहे. मात्र व्हॅनेडियम कार्बाइड कुरुंदाहूनही कठीण असल्याने त्यासाठी हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. आमची फजिती येथेच झाली होती.

बाजारात केवळ 'स्टेनलेस' एवढेच छापलेली स्वस्त पातीही मिळतात. ज्यावर पोलादाची जात नाही, त्याविषयी काहीच गृहीत धरू नये. चुंबक चिकटतो म्हणजे स्टेनलेस नव्हे, हा समजही चुकीचा आहे. कठीण करता येणारी सर्व चाकूची स्टेनलेस पोलादे चुंबकास चिकटतात. उलट जे पाते चिकटत नाही ते बहुधा ताटवाट्यांच्या पोलादाचे, कधीच नीट धार न धरणारे असते.

द्रव्यानुसार निवड

तृणपंचमूळातील कुश, काश, नल, दर्भ व ऊस ही सारी तृणवर्गातील. या वर्गाच्या पेशींत सिलिका असते, इतकी की बांबूच्या पोकळीत ती साचून वंशलोचन बनते. वाळाही याच वर्गातला. कॅट्राचा सिलिकामिश्रित कागद आणि दर्भाची जुडी यांत पात्याच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. म्हणून येथे कार्बाइडयुक्त पोलाद आपली किंमत वसूल करून देते. दशमूळातील मुळे, पुनर्नवा, बला यांवर सिलिका बाहेरून, मातीच्या रूपाने येते. ती धुऊन, ब्रशाने घासून मगच कापली तर साधे पाते कितीतरी अधिक काळ टिकते. तसेही द्रव्य धुणे हे आपले पहिले कर्तव्य आहेच.

आवळा, हिरडा, बेहडा, अर्जुन व अशोक यांच्या साली, बाभूळ ही कषायद्रव्ये. यांतील टॅनिन व लोह यांच्या संयोगाने निळसर काळे संयुग होते. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करीत. आवळ्यात त्याबरोबर आम्लताही आहे, आणि लोहाचे अंश 'क' जीवनसत्त्वाच्या नाशास गती देतात. येथे कागद किती मिलिमीटर कापला या आकड्यास काहीच अर्थ नाही. मध्यम प्रतीचे, पण खरोखर न गंजणारे १२सी२७ किंवा ४२० एचसी घ्यावे आणि रोज धार लावावी. कोरफड, गुग्गुळ यांसारख्या चिकट द्रव्यांत पोलादापेक्षा पात्याचा पातळपणा व गुळगुळीत पृष्ठ महत्त्वाचे.

धार राखणे

धार सर्वांत अधिक कशाने जात असेल तर ती खालच्या आधाराने. स्टीलच्या ताटात, दगडी ओट्यावर वा खलाच्या काठावर द्रव्य कापण्याची सवय कोणतेही पोलाद चालू देणार नाही. लाकडी पाट वापरावा.

रस्त्यावरील धारवाल्याच्या फिरत्या चाकावर चाकू देताना ठिणग्यांचे कौतुक वाटते. परंतु कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. तिच्यावर निळसर झाक आली तर पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेले आणि साध्या पोलादाचे पाणी तेथे उतरले, असे समजावे. झाक न दिसताही कडेचे नुकसान झालेले असू शकते. हाताने, ओल्या दगडावर, एका बाजूस पंधरा अंशांच्या सुमाराने, कोन न हलविता घासावे. पलीकडच्या बाजूस बोटास खरखरीत लागणारी बारीक कड वळून आली की बाजू बदलावी आणि शेवटी न्हाव्याप्रमाणे चामड्याच्या पट्ट्यावर ती कड काढून टाकावी. सुश्रुतांनी धार लावण्यासाठी उडदाच्या वर्णाची गुळगुळीत शिला, धार राखण्यासाठी सावरीच्या लाकडाचे फलक आणि परीक्षेसाठी लव कापली जाणे ही कसोटी दिली आहे. आम्ही वर्तमानपत्राच्या कागदाची कड वापरतो. पाते अडखळले की त्या जागी धार अपुरी.

आमच्या औषधशाळेत आता तीन चाकू मुठीस रंगीत दोरा बांधून वेगळे ठेवले आहेत. हिरव्या दोऱ्याचा स्टेनलेस चाकू कषाय व ओल्या द्रव्यांसाठी, लाल दोऱ्याचा साध्या पोलादाचा कोरड्या मुळांसाठी व साली छिलण्यासाठी. तो महागडा चाकू विकला नाही. त्याच्यासाठी हिऱ्याची पट्टी घेतली आणि तृणपंचमूळ व वाळा एवढेच काम त्याच्याकडे ठेवले. पट्टी महिन्यातून एकदा बाहेर निघते. साधा दगड मात्र रोज सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी, पाण्यात भिजत पडलेला असतो.